आइस हॉकीच्या टीमची पहिली तीन वर्षं

आमच्या टीममध्ये पहिल्या वर्षी अकरा मुलं होती, आणि त्यातल्या सात जणांनी तोवर बर्फ फक्त घरच्या फ्रीजमध्ये पाहिला होता.

सौदीतल्या अबकैकपासून गाडीने तासाभरावर आमचं गाव. एका बाजूला जुनी वस्ती, मशीद, चार-सहा दुकानं, पेट्रोल पंप. दुसऱ्या बाजूला तारेच्या कुंपणात आमचा कँप. तेलाचे भाव चढत होते ती वर्षं. दर महिन्याला नवीन माणसं उतरायची. मी नाशिकचा, प्लॅनिंग इंजिनियर. फॅमिली व्हिसा मिळालेल्या मोजक्या हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांपैकी एक, म्हणून बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा बरोबर होते. कँपातली शाळा फक्त गोऱ्या साहेबांच्या मुलांसाठी होती. आमचा मुलगा बसने मोठ्या शहरातल्या इंडियन स्कूलमध्ये जायचा, सकाळी तास आणि दुपारी तास.

ज्या परदेशी कंपनीने तो कँप उभारला तिच्यात कॅनडाची बरीच माणसं होती. त्यांच्यासाठी करमणुकीच्या हॉलमध्ये त्यांनी बर्फाचं मैदान केलं होतं. खऱ्या मैदानाच्या जेमतेम निम्मं. बाहेर डांबर मऊ पडायचं आणि आत स्वेटर घालून बसावं लागायचं. हा बर्फ सांभाळायचा तो चिपळूणकडचा एक रेफ्रिजरेशन मेकॅनिक. पस्तिशीचा, एकटाच, बॅरॅकमध्ये राहणारा. रोज पहाटे तो पिंपातून गरम पाणी बर्फावर सोडायचा आणि मागे ओलं गोणपाट ओढत मैदानभर फिरायचा. गरम पाण्याने बर्फ एकसारखा बसतो, हे मला त्यानेच सांगितलं. वादळ झालं की फटींतून वाळू आत यायची, बर्फावर तांबूस थर बसायचा आणि स्केटची पाती बोथट व्हायची. मग तो गुडघ्यांवर बसून सगळा बर्फ खरवडायचा.

तो दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. बायकोला वहिनी म्हणायचा, मला साहेब. इकाम्याचे म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचे, रजेचे, कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाकडे, द्यायचे सगळे कागद मी त्याला लिहून द्यायचो.

टीम काढली ती एका कॅनडियन पायपिंग इन्स्पेक्टरने. अवाढव्य माणूस, एका गुडघ्याने अधू. त्याच्या स्वतःच्या मुलाला खेळायला कोणी नव्हतं. कँपात गोऱ्यांची त्या वयाची मुलं होती चार. एक दिवस तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"तुला मुलगा आहे ना? किती वर्षांचा?"

"नऊ. पण त्याला स्केटिंग येत नाही."

"कोणालाच येत नाही. उद्या चारला आण."

असा तो सगळ्यांच्या टेबलापाशी गेला. लेबनीज डॉक्टरची दोन मुलं, एका पाकिस्तानी सर्व्हेअरचा मुलगा, स्टोअरमधल्या मल्याळी माणसाचा मुलगा, असे करत अकरा जमवले. तो स्वतः कोच झाला आणि मला त्याने सेक्रेटरी केलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी नाही म्हणत नाही हे त्याने ओळखलं होतं. हजेरी, कोणाला कितव्या नंबरचे स्केट लागतात, कोणत्या गावाशी मॅच, हे सगळं मी एका रजिस्टरमध्ये लिहायचो.

स्केटचं एक खोकं कॅनडाहून आलं, सगळे वापरलेले आणि सगळे मोठे. आमच्या मुलाने दोन मोजे घालून पुढे वर्तमानपत्र कोंबलं. गुडघ्यांचे पॅड नव्हते. बायकोने ताडपत्री आणि गादीचा फोम घेऊन अकरा जोड शिवले. जर्सीवरचे नंबरही तिनेच लाल कापडाचे कापून लावले. आमच्या मुलाचा चार नंबर. पहिला आठवडाभर तो भिंत धरूनच चालला. दुसऱ्या आठवड्यात त्याने भिंत सोडली, पडला, ओठ फाटला. मी आत धावणार तेवढ्यात कोचने हात आडवा केला. मुलगा आपला आपण उठला आणि माझ्याकडे न बघता पुन्हा चालायला लागला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

पहिली मॅच समुद्राकाठच्या मोठ्या कँपाशी झाली. त्यांची टीम जुनी, मुलं उंच, सगळ्यांचे हेल्मेट एकसारखे. आम्ही चौदा-शून्य हरलो. मैदान सार्वजनिक बागेतल्या इमारतीत होतं, त्यामुळे नमाजाच्या वेळी दिवे घालवून सगळ्यांना बाहेर काढलं. त्या अर्ध्या तासात बर्फ वरून पाणावला. आमची मुलं उन्हात ओळीने भिंतीला टेकून बसली होती, पायांत स्केट तसेच. कोणी रडत नव्हतं. कोचने मला विचारलं, "स्कोअर लिहितोयस ना? सगळे लिही. चौदाच्या चौदा."

दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच टीमशी सहा-एक हरलो. तिसऱ्या वर्षी तीन-दोन जिंकलो.

त्या मॅचबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. आमचा मुलगा गोल करणाऱ्यातला नव्हता. तो मागे राहून अडवायचा. उंचीने लहान, पण समोरचा कुठे वळणार हे त्याला आधी कळायचं. शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्यांनी आमच्या गोलवर नुसता मारा लावला होता. पक म्हणजे जाड काळ्या रबराची चकती. ती अंगावर बसली की हाड दुखतं. आमच्या मुलाने ती तीनदा अंगावर घेतली. एकदा मांडीवर, एकदा बरगडीत, एकदा बायकोने शिवलेल्या ताडपत्रीच्या पॅडवर. शिट्टी झाली तेव्हा मुलांनी कोचला बर्फावर ओढलं आणि तो अधू गुडघ्याचा माणूस साफ आडवा झाला. मेकॅनिक आमच्याबरोबर बसमधून आला होता. तो जाळीपाशी उभा राहून मोठमोठ्याने हसत होता. लेबनीज डॉक्टरने फोटो काढला. परतीच्या वाटेवर मुलगा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. तो तसा झोपला ती शेवटचीच वेळ.

त्यानंतर सहा महिन्यांत प्रोजेक्टचा दुसरा टप्पा मंजूर झाला आणि कँप दुप्पट झाला. नवीन घरं, नवीन मेस, नवीन प्रोजेक्ट मॅनेजर. कॅनडा-अमेरिकेतून कुटुंबंच्या कुटुंबं आली. हॉकी खेळू शकतील अशी चाळीसेक मुलं एकदम झाली. त्यातली बरीच चालायला शिकल्यापासून स्केटिंग करणारी. मॅनेजरचे स्वतःचे दोन मुलगे होते. हॉल नव्याने रंगवला, गणवेश मागवले, आणि टीमसाठी एक कमिटी नेमली. मॅनेजर अध्यक्ष. सेक्रेटरी मीच राहिलो.

पहिल्या बैठकीत मॅनेजर म्हणाला, "सगळ्यांना घेता येणार नाही. काहीतरी साधा नियम हवा. म्हणजे कोणाला वाईट वाटणार नाही."

चाचणी घ्यावी, असं कोच म्हणाला. जो चांगला खेळेल तो टीममध्ये. मॅनेजरला ते नको होतं. चाचणी घेतली की पालक भांडतात, असं त्याचं म्हणणं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही प्लॅनिंगवाले. तुम्ही काहीतरी सुचवा."

माझ्या कराराचं नूतनीकरण त्या महिन्यात व्हायचं होतं. कागद त्याच्याच सहीसाठी गेला होता. त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, धमकी तर नाहीच. मला पुढे कित्येक वर्षं असं सांगायला आवडायचं की त्याने दबाव आणला. नव्हता आणला. त्याला काय हवंय हे मला कळलं होतं आणि ते मी त्याच्या हातात दिलं, इतकंच.

मी म्हणालो, "कँपच्या शाळेत शिकणारी मुलं, असा नियम करता येईल."

"छान," तो म्हणाला. "स्वच्छ आहे."

कँपच्या शाळेत एकही हिंदी, पाकिस्तानी किंवा लेबनीज मूल नव्हतं. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मॅनेजरने विचारलं, कोणाची काही हरकत? मी मान खाली घालून मिनिट्स लिहीत होतो.

कोच माझ्यामागे पार्किंगपर्यंत आला. "तुझा मुलगा माझा सगळ्यात चांगला डिफेन्सचा खेळाडू आहे. मी याच्यावर भांडायला तयार आहे. तू फक्त माझ्या बाजूने बोल."

"विषय वाढवू नकोस," मी म्हणालो. "त्याचा अभ्यासही मागे पडतोय."

अभ्यास मुळीच मागे पडला नव्हता. "तू बाप आहेस. तू म्हणत असशील तर ठीक," असं म्हणून कोच गेला.

मॅनेजरने दोन कामं सांगितली होती. एक, नवीन टीमची यादी लिहून हॉलच्या फळ्यावर लावायची. दुसरं, नवीन रजिस्टर सुरू करायचं, पान एकपासून. "जुनं ते सगळं हौशी होतं. टीम खरी आता सुरू होतेय." मंगळवारी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बसून यादी मोठ्या स्वच्छ अक्षरात लिहिली. वर नियम, खाली अठरा नावं. जुन्यांपैकी त्यात चार होती. चौघं कोण, ते सांगायला नको.

मुलाला सांगायचं होतं. मंगळवारी मी ठरवलं की बुधवारी सांगू. बुधवारी शाळेतून तो दमून आला. गुरुवारी सुटी, दुपारी सराव. तो बॅग घेऊन नेहमीसारखा गाडीत येऊन बसला. हॉलपर्यंत सात मिनिटं लागायची. मी एसीबद्दल बोललो, पुढच्या रजेत नाशिकला गेल्यावर काय काय करायचं त्याबद्दल बोललो. तो खिडकीबाहेर बघत होता. दारापाशी सोडून म्हणालो, "मी पेट्रोल भरून येतो." टाकी भरलेली होती.

मी अर्ध्या तासाने परतलो. तो हॉलबाहेरच्या बाकावर बसला होता, बॅग मांडीवर. आतून स्केटचा आवाज येत होता. मेकॅनिक त्याच्या शेजारी उकिडवा बसून त्याला काहीतरी समजावत होता. मला ऐकू आलं ते एवढंच: "शुक्रवारी दुपारी कोणी नसतंय. मी दार उघडतो. तू एकटाच खेळ, हवं तितका." मुलाने मान हलवली, नाही म्हणून. मग उठून गाडीत जाऊन बसला.

मेकॅनिकने आत फळ्याकडे बोट दाखवलं. "साहेब, हे कोणी लिवलान?"

"कमिटीने."

"अक्षर तुमचं हाय."

माझ्या अक्षरातले किती कागद त्याच्या पत्र्याच्या पेटीत होते. तो कॉम्प्रेसरच्या खोलीकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बायकोने त्याच्यासाठी सोलकढी करून ठेवली होती. तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. पुढचे इकाम्याचे कागद तो कोणा केरळी क्लार्ककडून लिहून घ्यायला लागला.

बायकोला मुलाने त्या गुरुवारी घरी येताच सांगितलं होतं, इंग्रजीत, तिने काही विचारायच्या आत: "They changed the rule." तो आमच्याशी एरवीही इंग्रजीतच बोलायचा, पण ते वाक्य मला वेगळं लागलं. तिने भाजी चिरायची थांबवली.

"तुम्ही तिथे होतात ना? तुम्ही काय म्हणालात?"

"मी सेक्रेटरी. माझं मत नसतं."

"मग बसता कशाला तिथे?"

नियम कोणी सुचवला, हे मी तिला सांगितलं नाही. आठवडाभराने कमिटीने नवीन जर्सींचा गठ्ठा आमच्या घरी पाठवला. काहींवरचे नंबर धुताना निघाले होते, ते शिवून हवे होते. तिने गठ्ठा उघडलाही नाही. तसाच ड्रायव्हरच्या हातात परत दिला आणि म्हणाली, शिलाई मशीन बिघडलंय. मशीन चांगलं होतं. त्याच दिवशी तिने त्यावर पडदे शिवले.

मुलाने त्याचे स्केट बाल्कनीत ठेवले. ते तिथेच राहिले. पाती गंजली नाहीत, त्या हवेत काही गंजायचं नाही, फक्त धूळ बसत गेली. पुढच्या जूनमध्ये त्याला आठवीसाठी नाशिकच्या हॉस्टेलमध्ये ठेवलं. तसं सगळेच ठेवत, म्हणून ते कोणाला वेगळं वाटलं नाही. जायचं त्यानेच ठरवलं होतं. पत्रं यायची ती आईच्या नावाने. शेवटी एक ओळ असायची, बाबांना नमस्कार.

माझा करार वाढला. दोन वर्षांनी तेलाचे भाव कोसळले, तिसरा टप्पा रद्द झाला, आणि माणसं जशी आली होती तशी विमानं भरभरून परत गेली. मॅनेजर सगळ्यात आधी गेला, सहकुटुंब. मला देश सोडायचा एक्झिटचा कागद मिळाला तेव्हा हॉलमधला कॉम्प्रेसर बंद होऊन महिना झाला होता. बर्फाच्या जागी पाइपांचे गास्केट आणि व्हॉल्व्हची खोकी रचलेली होती. मेकॅनिक तेव्हा सौदीतच दूर खमीस मुशैतला दुसऱ्या कामावर गेल्याचं कळलं. जाताना त्याने माझा निरोप घेतला नव्हता. जुनं रजिस्टर, पहिल्या तीन वर्षांचं, मी ऑफिसच्या कपाटात ठेवलं होतं. कपाटं रिकामी करणाऱ्यांनी ते कुठे टाकलं, मला माहीत नाही. विचारलं असतं तर सापडलं असतं कदाचित.

मी नाशिकला परत आलो, अंबडला एका कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झालो. मग काही वर्षांपूर्वी कॅनडाहून एक पाकीट आलं. त्या टीममध्ये वाढलेली मुलं आता पन्नाशीची. त्यांनी एकत्र येऊन टीमचा इतिहास छापला होता, साठेक पानांचा, चकचकीत कागदावर. कोचच्या मुलाने मला आठवणीने पाठवला होता. कोच वारल्याचं त्यातल्या चिठ्ठीवरून कळलं.

पुस्तिकेत टीमची सुरुवात चौथ्या वर्षापासून होती. माझ्याच दुसऱ्या रजिस्टरच्या पहिल्या पानाचा फोटो त्यात छापला होता, माझ्या अक्षरासकट. खाली लिहिलं होतं की वाळवंटात आइस हॉकी रुजवण्याचं श्रेय पहिल्या अठरा खेळाडूंना आणि प्रोजेक्ट मॅनेजरला जातं. कोचचं नाव पुढे एका यादीत होतं. ताडपत्रीचे पॅड, चौदा-शून्य, तीन-दोन, यातलं काहीच नव्हतं. ज्याने पहाटे उठून तो बर्फ केला त्याचा उल्लेख नव्हता. शेवटी आभारांत माझं नाव होतं: उत्तम नोंदी ठेवल्याबद्दल.

मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. पहिल्या अकरा मुलांची मला आठवत होती ती सगळी माहिती दिली. सभ्य उत्तर आलं. पुढच्या आवृत्तीत नक्की घालू, तुमच्याकडे काही कागद किंवा फोटो आहे का?

फोटो होता. लेबनीज डॉक्टरने त्याची एक प्रत बायकोला दिली होती आणि ती तिच्या कपाटात होती. मी मागितला.

"नाही देणार," ती म्हणाली.

"अगं, पुस्तकात येईल. फोटोत आपला मुलगा आहे."

"तो इथे आहे तेवढा पुरे. त्या लोकांच्या पुस्तकात जाऊन त्याला काय करायचंय? आणि तुम्हाला आत्ता आठवण झाली होय?"

तिचं बरोबर होतं. मी उत्तर पाठवलं की पुरावा काही उपलब्ध नाही.

मुलगा आता पुण्यात असतो. त्याला मी फोनवर पुस्तिकेबद्दल सांगितलं. त्याने विशेष रस दाखवला नाही. मग मी जे एवढ्या वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो. नियम मी सुचवला होता, म्हणालो. यादी मी लिहिली होती. तुला सांगायचं मला धैर्य झालं नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. मराठीत म्हणाला.

"कसं?"

"यादी टेबलावर होती, बाबा. मंगळवारी. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा वाचली मी."

म्हणजे बुधवारी तो शाळेतून दमून आला तेव्हा त्याला माहीत होतं. गुरुवारी त्याने बॅग भरली, मोजे घातले, माझ्याशेजारी येऊन बसला, तेव्हाही माहीत होतं.

"मग तू आलास कशाला त्या दिवशी?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही गाडीत सांगाल. म्हणून आलो."

तो फोनवर थांबला होता. कुठेतरी त्याच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्याने विचारलं, "आई आहे का जवळ? तिची रक्ततपासणी कधी आहे?" मी बायकोला फोन दिला. दोघं बराच वेळ बोलत होते.